सान लेओचा किल्ला, थ्रीडी मॉडेल: कामाच्या नोंदी

14 सप्टेंबर 2024, शनिवार

सेमिस्टरचा प्रोजेक्ट ठरला एकदाचा. एखादी जुनी वास्तू घ्या, फोटो काढून तिचं थ्रीडी मॉडेल करा, मापं बरोबर आली पाहिजेत, बाकी तुमचं तुम्ही बघा. वर्गातल्या बहुतेकांनी बोलोन्यातलंच काहीतरी धरलंय, सायकलवर जाऊन येता येतं म्हणून. मी सान लेओ घेतलं. कारण खरं सांगायचं तर एवढंच की मी साताऱ्याची आहे, अजिंक्यताऱ्याखाली वाढले, आणि इकडे इटलीत येऊन दीड वर्ष झालं तरी एकही धड किल्ला चढले नव्हते.

जागा अशी: रिमिनीहून समुद्राकडे पाठ करून मारेक्किया नदीच्या खोऱ्यात आत शिरायचं, तर एका ठिकाणी जमिनीतून नुसता खडकाचा ठोकळाच वर आलेला दिसतो, चारी बाजूंनी तुटलेला. त्याच्या पाठीवर गाव आणि सगळ्यात उंच टोकाला किल्ला. गावात जायला रस्ता एकच, तोही खडक कापून केलेला. समोर सान मारिनोचा डोंगर दिसतो, तो वेगळा देश! दोन्ही गावांची नावं दोन पाथरवटांची. लेओ आणि मारिनो हे दोघं समुद्रापलीकडून, दाल्मेशियातून आलेले कारागीर, दोघंही पुढे संत झाले अशी इथली आख्यायिका आहे.

प्लॅन: फक्त दर्शनी भाग करायचा, म्हणजे दोन गोल बुरूज आणि मधला तट. दीडशे-दोनशे फोटो, दोन खेपा, ऑक्टोबरात खलास.

(हे वाक्य नंतर वाचून मी स्वतःच हसणार आहे असं आत्ताच वाटतंय.)

19 सप्टेंबर, गुरुवार

जाणं रद्द. बोरिस नावाचं वादळ आलंय, फाएन्झा आणि लुगोकडे पाणी भरलंय, ट्रेनचं काही खरं नाही. मग घरी बसून वाचलं.

किल्ल्याचं आजचं रूप 15व्या शतकाच्या शेवटचं. ऊर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो याने सिएनाच्या वास्तुविशारद फ्रान्चेस्को दि जॉर्जो मार्तिनीला काम दिलं. तोफा आल्या होत्या, जुन्या सरळसोट चौकोनी बुरुजांवर गोळा बसला की कोपरा उडायचा, म्हणून याने गोल, जाडजूड, पायथ्याशी पसरत गेलेले बुरूज घातले. पण गंमत म्हणजे बुरुजांच्या डोक्याला बाहेर काढलेले दगडी ब्रॅकेट तसेच ठेवलेत, ज्यांच्या मधल्या फटींतून खाली दगड टाकायचे, म्हणजे ही पद्धत तोफांच्या आधीची. एकाच भिंतीत खालचं अर्धं नव्या लढाईसाठी आणि वरचं अर्धं जुन्या लढाईसाठी. मला हे फार आवडलं, जुनं एकदम टाकवत नाही माणसाला.

आता हा किल्ला पडला कसा कसा ते बघा. 963 मध्ये इटलीचा राजा दुसरा बेरेन्गारियो इथे अडकून बसला होता, जर्मन राजा पहिला ओट्टो खाली वेढा घालून, शेवटी वरच्यांना उतरावंच लागलं. 1441 मध्ये खुद्द फेदेरिकोने, तेव्हा विशीतही नव्हता तो, रात्री कडा चढून जाणाऱ्या माणसांच्या जोरावर गड घेतला. तानाजीची आठवण येणारच, घोरपड मात्र कुठे नाही. आणि 1502 चा किस्सा तर कहर आहे, राजकारणावर लिहिणाऱ्या माकियावेल्लीने लिहून ठेवलाय. तेव्हा किल्ला पोपच्या मुलाकडे, चेझारे बोर्जाकडे होता, किल्लेदार डागडुजी करत होता, त्यासाठी लाकडाचे वासे वर नेणं चाललेलं. कट करणारे लपून बसले, वासे बरोबर उचलत्या पुलावर आले, पूल वजनामुळे वर ओढता येईना, आणि हे उडी मारून आत! म्हणजे तोफगोळ्यांचा एवढा विचार करून बांधलेला किल्ला, आणि गेला बांधकामाच्या सामानामुळे. ज्याने कोणी घरात रिनोव्हेशन केलंय त्याला हे पटेल.

एक लफडं: सान लेओ 2009 पर्यंत मार्के विभागात, पेसारो-ऊर्बिनो जिल्ह्यात होतं. 2006 ला सार्वमत झालं आणि ऑगस्ट 2009 मध्ये आसपासची सात गावं उचलून एमिलिया-रोमान्यात, रिमिनी जिल्ह्यात टाकली. त्यामुळे जुने नकाशे शोधायचे तर एका सरकारकडे आणि नवे दुसऱ्याकडे. मी तीन मेल टाकलेत, बघू कोण आधी उत्तर देतंय.

28 सप्टेंबर, शनिवार

पहिली खेप. रिमिनी स्टेशनवरून नोव्हाफेल्त्रियाकडे जाणारी बस, मध्ये उतरून दुसरी छोटी बस, तिची वाट बघत बाहेर अर्धा तास. शेवटच्या वळणांवर ड्रायव्हर हॉर्न वाजवत जातो आणि डाव्या हाताला एकदम कडा उभा राहतो, तेव्हा माझ्या पुढच्या जर्मन आजोबांनी टोपी काढली. खरंच काढली.

गाव केवढं, तर पंधरा मिनिटांत संपतं. चौकाला कवी दान्तेचं नाव आहे, कारण त्याने ‘पुर्गातोरिओ’ या काव्याच्या चौथ्या सर्गात या चढाचा उल्लेख केलाय. इथेच 8 मे 1213 ला संत फ्रान्सिसने एका एल्मच्या झाडाखाली प्रवचन केलं, ते ऐकून काउंट ओर्लान्दोने त्याला ला व्हेर्नाचा अख्खा डोंगर देऊन टाकला. चौकाच्या बाजूला दोन जुनी देवळं, म्हणजे चर्चेस, दोन्ही त्याच खडकाच्या दगडाची, त्यामुळे खडक कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते पटकन कळत नाही. मॉडेलच्या दृष्टीने हे वाईट आहे, बघायला मात्र सुंदर.

वर गेले. पहिला बुरूज जवळून: दगड लहान-मोठे, पण ओळी सरळ, आणि बुरुजाच्या पोटाला मध्येच एक गोल दगडी पट्टी फिरवलेली. पट्टीच्या खाली भिंत तिरकी होत पसरते, वर सरळ. हात लावला तर पिवळट वाळूसारखं बोटांना लागतं. साताऱ्याचा काळा दगड उन्हात तापून चटका देतो, हा तसा नाही, ऊबदार, थोडासा मऊ वाटतो.

ड्रोनचा विषय सोडला. परवानगीचे कागद महिनाभर चालणार आणि वर वारा असा की माझं ते पाव किलोचं खेळणं थेट सान मारिनोत उतरलं असतं, मग दोन देशांचा प्रश्न. जमिनीवरूनच काढले, 412 फोटो. ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या दोन फोटोंत सारखा येणारा भाग, सत्तर-ऐंशी टक्के धरला, प्रत्येक फोटोनंतर एक पाऊल बाजूला, खेकड्यासारखं. दोन छोटी मुलं मागून माझी नक्कल करत चालली होती.

ऊन-सावलीने वाट लावली. ढगाळ दिवस हवा होता.

30 सप्टेंबर, सोमवार

लॅबमध्ये रात्रभर अलाइनमेंट, म्हणजे फोटो एकमेकांशी जुळवणं, लावून ठेवलं. सकाळी कॉफी घेऊन आले, स्क्रीन उघडला, तर किल्ल्याला एकच बुरूज.

मला वाटलं निम्मे फोटो लोड झाले नाहीत. मोजले, 412 च्या 412. मग पॉइंट क्लाउड, म्हणजे फोटोंवरून झालेला ठिपक्यांचा ढग, फिरवून बघितला तेव्हा लक्षात आलं. सॉफ्टवेअर काय करतं, तर दोन फोटोंत सारखे दिसणारे ठिपके शोधतं आणि त्यावरून कॅमेरा कुठे उभा होता ते काढतं. आता मार्तिनी साहेबांनी दोन बुरूज बांधलेत एकसारखे. तीच गोलाई, तीच पट्टी, तेच ब्रॅकेट, तोच दगड. बिचाऱ्या सॉफ्टवेअरला वाटलं हा एकच बुरूज आहे आणि ही बाई त्याच्याभोवती फिरतेय. त्याने डावा उचलून उजव्यावर बसवला, आणि मधला तट कुठे ठेवायचा ते कळेना म्हणून तो हवेत तिरका लटकवला, जसा काही वाळत घातलाय.

पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाने मला गंडवलं, तेही सिमेट्रीने.

पीएचडी करणारा दादा म्हणाला, असं देवळाच्या खांबांचं, खिडक्यांचं नेहमी होतं, डावे-उजवे फोटो वेगळ्या गटांत घाल, वेगवेगळं अलाइन कर आणि नंतर नंबर टाकलेल्या टार्गेटांवर, म्हणजे खुणेच्या कागदांवर, जोड. टार्गेट? मी टार्गेट लावलेच नव्हते. म्हणजे परत जाणं आलं.

6 ऑक्टोबर, रविवार

दुसरी खेप. ढगाळ, एकदम मस्त उजेड. चौदा टार्गेट छापून लॅमिनेट करून नेले. तिकीट खिडकीवरच्या काकूंनी आधीच सांगितलं, “हे बघ पोरी, भिंतीला काहीही चिकटवायचं नाही.” म्हटलं नाही हो, जमिनीवर ठेवते. मग दगड गोळा करून त्यांना टेकवून ठेवले, दोन वाऱ्याने उडाले, एक कुत्र्याने नेला. अकरा उरले. दोन-दोन टार्गेटांमधलं अंतर लेसर मीटरने मोजून वहीत लिहिलं, तीन-तीनदा.

काम दोनपर्यंत आटपलं म्हणून आतून किल्ला बघितला. 1631 मध्ये ऊर्बिनोचं राज्य पोपकडे गेलं आणि किल्ल्याचं जेल झालं, ते पार 1906 पर्यंत. सगळ्यात प्रसिद्ध कैदी कालिओस्त्रो, खरं नाव जुझेप्पे बाल्सामो, पालेर्मोचा. युरोपभर राजेरजवाड्यांना औषधं, अमरत्व, भुतंखेतं असलं सगळं विकत फिरला, शेवटी रोममध्ये धरला. फाशी माफ होऊन जन्मठेप. 1791 मध्ये इथे आणला, 26 ऑगस्ट 1795 ला इथेच मेला. त्याची शेवटची कोठडी, पोझ्झेत्तो, म्हणजे छोटी विहीर. नाव अगदी बरोबर आहे. तेव्हा दार नव्हतं, छताला झडप, त्यातून माणूस खाली सोडायचा, जेवणही तिथूनच. खिडकी एकच, तिला एकामागे एक तीन जाळ्या, आणि त्यातून दिसतात फक्त खालची चर्चेस. पाखंडी माणसाला मरेपर्यंत चर्च बघायला लावायचं, काय डोकं लावलंय. लाकडी बाकावर कोणीतरी ताजं फूल ठेवलं होतं, थोडी नाणी पण. भोंदू माणसाला मेल्यावर सव्वादोनशे वर्षांनी दक्षिणा मिळतेय, म्हणजे धंदा अजून चालू आहे म्हणायचा.

वरून बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांना बुरूज दाखवला, दरी दाखवली, तोफ दाखवली. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, “बरं, पाणी कुठाय?”

“म्हणजे?”

“अगं गडावर पाणी कुठाय? टाकी दाखव की.”

किल्ला बघणाऱ्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न, आणि मी दोन खेपा मारून विचारलाच नव्हता. आपल्याकडे कातळात टाकं खोदलं की पावसाचं पाणी तिथेच राहतं, बेसाल्ट पाणी सहसा सोडत नाही. इथला दगड तर हाताला वाळू लागणारा. मी म्हटलं शोधते बाबा. ते म्हणाले, “पाणी कळल्याशिवाय गड कळत नाही,” आणि मग आईने फोन घेतला, जेवलीस का वगैरे.

20 ऑक्टोबर, रविवार

काल रात्री बोलोन्यात पूर आला. राव्होने नावाचा नाला आहे, शहराखालून बंद गटारातून जातो, तो फुटून व्हिया साफ्फी या रस्त्यावर वाहायला लागला. आमच्या गल्लीत चिखल, लाइट नाही, खालच्या दुकानदाराच्या तळघरात कमरेइतकं पाणी. सकाळपासून आम्ही बिल्डिंगमधले सगळे मिळून त्याला बादल्या देत होतो.

संध्याकाळी लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर वाचलं, आणि माझा प्रोजेक्टच हलला.

सान लेओचा खडक म्हणजे वाळू-चुन्याच्या दगडाची एक जाड लादी आहे. ती जमिनीत खोल रुतलेली नाही, ती मातीवर बसलेली आहे. खाली वेगवेगळ्या रंगांची चिकणमाती, इटालियन भूगर्भवाले तिला आर्जिल्ले व्हारिकोलोरी म्हणतात, रंगीबेरंगी माती. वरचा दगड भेगाळलेला, म्हणून पाऊस त्यातून आत मुरतो, खाली खाली जातो आणि मातीपाशी येऊन अडतो, कारण माती पाणी पुढे जाऊ देत नाही. मग ते आडवं वाहून कड्याच्या पायथ्याशी झऱ्यासारखं बाहेर येतं. तिथली माती भिजते, सैल होते, वाहून जाते. कड्याच्या पायाखाली पोकळी होत जाते, वरचा दगड अधांतरी, आणि एक दिवस भेगेच्या रेषेत सबंध फळी सुटते.

असं झालंही आहे. 27 फेब्रुवारी 2014 ला उत्तरेकडचा कडा कोसळला, तीन लाख घनमीटरच्या आसपास दगड खाली गेला. माणूस कोणी दगावलं नाही. तीन लाख घनमीटर म्हणजे किती हे मला डोळ्यांसमोर आणता येईना म्हणून गणित केलं: फुटबॉलचं मैदान घ्या आणि त्यावर चौदा-पंधरा मजली इमारतीएवढा ढीग रचा.

तर बाबा, पाणी गडाच्या खाली आहे.

26 ऑक्टोबर, शनिवार

तिसरी खेप, या वेळी वर न जाता खाली. गावाकडे जाणारी बस वळणापाशी सोडली आणि शेताच्या कडेने चालत निघाले. कोसळलेल्या भागाच्या जवळ मी गेले नाही, लांबूनच दुर्बीण आणि 200 मिलिमीटरची लांबचं टिपणारी लेन्स. दहा वर्षं झाली तरी ताजी जागा ओळखू येते, बाकीचा कडा राखाडी, डाग पडलेला, झुडपं उगवलेला, आणि तेवढा पट्टा फिकट, जसा पोपडा निघालेल्या भिंतीचा असतो. खाली ढिगारा, घराएवढाले दगड, त्यांच्यामध्ये आता हिरवं उगवलंय.

मग माती. उतारावर एका ठिकाणी पावसाने ओघळ पाडले होते तिथे खाली बसले. कोरडा तुकडा हातात घेतला तर चुरा न होता तो पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो, माशाचे खवले निघावेत तसा, आणि प्रत्येक पापुद्रा आतून गुळगुळीत, चकचकीत. एक राखाडी, एक काळसर तांबडा, एक शेवाळी. बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. दोन मिनिटांत तोच तुकडा साबण. बोटांतून निसटला. या साबणावर अख्खं गाव बसलंय, कॅथेड्रलसकट, जे 12व्या शतकातलं आहे.

उठताना डावा बूट तिथेच राहिला, मी मोज्यावर उभी. तो काढायला काठी लागली. रिमिनीच्या बसमध्ये ड्रायव्हरने माझ्या पायांकडे बघितलं आणि काही न बोलता मागे पेपर अंथरून दिला.

8 नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी झाली, चिवडा पार्सलने आला, निम्मा वर्गात संपला.

दोन्ही बुरूज जोडले गेले! डावा गट, उजवा गट, मधला तट, तिन्ही वेगळे, मग टार्गेटांवर जोडले. लेसर मीटरची अंतरं आणि मॉडेलमधली अंतरं यांत जास्तीत जास्त फरक दोन सेंटिमीटर. मी खुर्चीतून उठून एक गोल चक्कर मारली. ब्रॅकेटच्या खालच्या सावल्यांत जरा खड्डे आहेत, जमिनीवरून तिथपर्यंत दिसतच नाही. ते मी बुजवले नाहीत, जे दिसलं नाही ते दिसलं नाही.

सरांची मीटिंग. मी म्हटलं, विषय थोडा वाढवायचाय, किल्ला खडकासकट करायचाय, कारण नुसता किल्ला दाखवला तर निम्मी गोष्ट राहते, मार्तिनीने समोरून येणाऱ्या गोळ्याचा बंदोबस्त केला, धोका मात्र खालून आहे. सर आधी गप्प. मग म्हणाले, वेळ डिसेंबरपर्यंतच आहे, मार्क दर्शनी भागाचेच मिळतील, बाकी तू जाण. म्हणजे हो.

23 नोव्हेंबर, शनिवार

चौथी खेप, आणि शेवटची, कारण बसभाडं आणि सँडविच यांचा हिशोब आता बघवत नाही. समोरच्या टेकड्यांवरून तीन ठिकाणांहून लांबचे फोटो. सकाळी खोऱ्यात धुकं, खडक वर तरंगत होता, फोटो अप्रतिम आणि मॉडेलसाठी शून्य कामाचे. अकराला धुकं विरलं, चार वाजता ऊन गेलं, तेवढ्यात 260 फोटो. बोटं गारठली की शटर दाबलं का नाही तेच कळत नाही.

परतताना खालच्या गावात पियादिना, म्हणजे इथली चपातीसारखी रोटी, घेतली, आत फॉर्माज्जो दि फोस्सा, म्हणजे खड्ड्यातलं चीज. इथे शेजारी तालामेल्लोला हे चीज दगडात खोदलेल्या खड्ड्यांमध्ये पुरून ठेवतात आणि नोव्हेंबरच्या शेवटी, संत कातेरिनाच्या दिवसाच्या आसपास, खड्डे उघडतात. वास जबरदस्त. बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामीच राहिली. आपल्याकडे धान्याचं पेव असतं तसंच हे, फक्त आत चीज.

7 डिसेंबर, शनिवार

मेश, म्हणजे मॉडेलचं जाळीचं कवच, तयार. दर्शनी भाग सेंटिमीटरात, खडक साधारण अर्ध्या मीटरच्या चुकीत, उत्तरेकडचा कोसळलेला पट्टा वेगळ्या रंगात. एक बाजू पूर्ण मोकळी आहे कारण तिकडून फोटो काढायला उभं राहायलाच जागा नाही. ती मोकळीच ठेवलीय आणि तसं रिपोर्टमध्ये लिहिलंय. फाइल एवढी जड की माझ्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा वाजतो, हलकी आवृत्ती वेगळी काढली.

हलकी आवृत्ती बाबांना पाठवली. त्यांनी फोनवर बोटाने फिरवून फिरवून बघितली, बुरूज, तट, कडा, आणि मग फिरवता फिरवता मॉडेल उलटं केलं. खालून ते रिकामं आहे, नुसतं टरफल, मेश असंच असतं.

“अगं हे खालून पोकळ आहे की.”

“खालून फोटो काढता येत नाही बाबा.”

“हां,” म्हणाले, आणि परत सरळ करून बुरजावर आले.

राहिलेलं: ब्रॅकेटखालचे खड्डे तसेच, पेसारोवाल्यांच्या मेलचं उत्तर अजून नाही, बूट धुवायचेत.